आंतरराष्ट्रीय न्यायशास्त्राचे जनक ह्यूगो ग्रोशियस

देवस्थानच्या स्मरणिकेत क्षेत्रमाहात्म्य, संतचरित्र किंवा एखाद्या परोपकारी महाजनाचे गुणस्मरण असावे, असा आपल्याकडील प्रघात आहे. त्या पंक्तीत चारशे वर्षांपूर्वीच्या एका डच न्यायपंडिताचे चरित्र पाहून वाचकांस थोडे नवल वाटेल. परंतु महाजन कुटुंबांचा इतिहास जितका भक्तीचा आहे तितकाच तो हक्कांचाही इतिहास आहे. देवाची जमीन कोणाची, तिचे उत्पन्न कोणाचे, दुसऱ्या धर्माचा राजा आला म्हणून मूळ मालकाचा हक्क बुडतो काय, हे प्रश्न आपल्या पूर्वजांनी ग्रंथांतून नव्हे तर प्रत्यक्ष आयुष्यातून अनुभविले. ह्याच प्रश्नांचा युरोपात शास्त्रशुद्ध ऊहापोह करणाऱ्या पुरुषांत ह्यूगो ग्रोशियस ह्यांचे स्थान फार वरचे आहे. शिवाय ज्या सत्तेविरुद्ध त्यांनी प्रथम लेखणी उचलली, त्या सत्तेची पूर्वेकडील राजधानी आपला गोवाच होता. म्हणून ह्या थोर व्यक्तीच्या जीवनाचा परिचय करून देण्याचे योजिले आहे.

जन्म, बालपण व विद्याभ्यास

ग्रोशियस ह्यांचे मूळ डच नाव ह्यूगो द ग्रोट. त्या काळच्या विद्वानांच्या रीतीप्रमाणे त्यांनी आपल्या नावास लॅटिन रूप दिले व जग त्यांना त्याच नावाने ओळखते. हॉलंडमधील डेल्फ्ट ह्या गावी १० एप्रिल १५८३ रोजी, ईस्टर सणाच्या दिवशी त्यांचा जन्म झाला. घराणे प्रतिष्ठित होते. वडील यान द ग्रोट हे स्वतः व्यासंगी असून नगराच्या कारभारात व लायडन विद्यापीठाच्या व्यवस्थेत त्यांना मान होता.

ह्याच १५८३ साली यान हॉयखेन व्हान लिन्स्कोटेन नावाचा एक डच तरुण लिस्बनहून गोव्यास उतरला. येथील आर्चबिशपांच्या पदरी चिटणिसाचे काम करीत त्याने सुमारे पाच वर्षे काढली आणि बंदरे, वारे, व्यापारी माल व समुद्रमार्ग ह्यांची बारीकसारीक टिपणे करून ठेवली. मायदेशी परतल्यावर १५९६ मध्ये त्याने आपला प्रवासग्रंथ छापला. पोर्तुगीजांनी जपून ठेवलेले पूर्वेच्या वाटांचे ज्ञान त्यामुळे डच व्यापाऱ्यांच्या हाती आले. गोव्यातील एका कचेरीत उतरविलेल्या त्या टिपणांनी पुढील संघर्षाची वाट मोकळी केली. त्या संघर्षाचा न्यायनिवाडा ज्याने मांडावयाचा, ते बालक तेव्हा डेल्फ्टमध्ये पाळण्यात होते.

बालपणापासूनच ह्यूगो ह्यांची बुद्धी असामान्य होती. वयाच्या अकराव्या वर्षी, १५९४ मध्ये, ते लायडन विद्यापीठात दाखल झाले. तेथे जोझेफ स्कॅलिजर ह्यांच्यासारख्या जगद्विख्यात पंडिताचा सहवास त्यांना लाभला. १५९८ साली हॉलंडचे थोर मुत्सद्दी योहान व्हान ओल्डनबार्नेव्हेल्ट ह्यांच्या शिष्टमंडळाबरोबर ते फ्रान्सला गेले. तेथील राजा चौथा हेन्री ह्याने ह्या पंधरा वर्षांच्या मुलाला हॉलंडचा चमत्कार म्हणून गौरविले, असे सांगतात. त्याच प्रवासात ओर्लेआं येथील विद्यापीठाने त्यांना कायद्याची डॉक्टर ही पदवी दिली. पुढच्याच वर्षी, वयाच्या सोळाव्या वर्षी, हेग येथे त्यांनी वकिलीची सनद घेतली. १६०७ मध्ये ते हॉलंड, झीलंड व वेस्ट फ्रीसलंड ह्या प्रांतांचे सरकारी वकील झाले. १६०८ साली मारिया व्हान रायखर्सबर्ख ह्यांच्याशी त्यांचा विवाह झाला. ह्या साध्वीचे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे, कारण पुढे पतीचे प्राण व प्रतिष्ठा तिनेच राखली.

त्या काळचा समुद्र

ग्रोशियस ह्यांच्या कार्याचे मोल कळण्यासाठी त्या काळची स्थिती पाहिली पाहिजे. १४९३ मध्ये पोप सहावे अलेक्झांडर ह्यांनी काढलेली आज्ञापत्रे व १४९४ चा तोर्देसिल्यासचा तह ह्यांच्या आधारे स्पेन व पोर्तुगाल ह्या दोन राज्यांनी जगातील नवे समुद्र व नव्या भूमी आपसांत वाटून घेतल्या होत्या. ज्यांच्या त्या भूमी होत्या, त्यांना कोणी विचारलेच नव्हते. आपल्या हिंदी महासागरात पोर्तुगीजांचा कार्ताझ नावाचा परवाना घेतल्याविना व्यापारी जहाज निघाले तर ते जप्त होई. मोगल बादशहाच्या जहाजांनाही हे परवाने घ्यावे लागत.

जमिनीवर काय घडत होते, हे आपणांस निराळे सांगावयास नको. स्पेनमधील सालामांका विद्यापीठात फ्रान्सिस्को दे व्हितोरिया ह्या धर्मपंडिताने १५३९ मध्ये व्याख्यान देऊन असे प्रतिपादिले की अमेरिकेतील मूळ रहिवासी ख्रिस्ती नसले तरी आपल्या भूमीचे व मालमत्तेचे खरे मालक तेच होत, आणि केवळ धर्मभेदामुळे कोणाची मालकी नाहीशी होत नाही. त्यानंतर वर्ष सरते न सरते तोच, १५४० च्या सुमारास, तिसवाडीतील देवळे पाडण्यात आली आणि १५४१ मध्ये देवळांच्या जमिनींचे उत्पन्न चर्चच्या कार्याकडे वळविण्यात आले. पुढे साष्टी व बारदेश प्रांतांतही तेच झाले. कुशस्थळीचा श्रीमंगेश, केळशीची श्रीशांतादुर्गा, वेर्ण्याची श्रीमहालसा, ही दैवते आपल्या पूर्वजांनी नदीपलीकडे अंत्रुज महालात नेली. विद्यापीठात एक न्याय आणि वसाहतीत दुसरा, अशी ही विसंगती होती. व्हितोरियांचा विचार ग्रंथात बंदिस्त राहिला होता. त्याला न्यायालयाच्या व राजकारणाच्या मैदानात उतरविण्याचे काम ग्रोशियस ह्यांनी केले. मात्र त्याचे निमित्त फार वेगळे होते.

‘सांता कातारीना’ जहाजाचा खटला

१५८० पासून पोर्तुगाल व स्पेन ही राज्ये एकाच राजाच्या अमलाखाली होती, आणि डच प्रांत स्पेनविरुद्ध स्वातंत्र्ययुद्ध लढत होते. त्यामुळे पूर्व समुद्रात डच व पोर्तुगीज परस्परांचे वैरी झाले. १६०१ मध्ये मकाव येथे पोर्तुगीजांनी सतरा डच खलाशांना ठार केले. ह्याची वार्ता याकोब व्हान हीम्सकर्क नावाच्या डच कप्तानास समजली. २५ फेब्रुवारी १६०३ रोजी सिंगापूरच्या सामुद्रधुनीनजीक, जोहोरच्या राज्यकर्त्यांच्या साहाय्याने, त्याने ‘सांता कातारीना’ हे मकावहून मलाक्केस निघालेले अवाढव्य पोर्तुगीज जहाज पकडले. शरण आलेल्या प्रवाशांना त्याने जीवदान दिले. जहाजावर कच्चे रेशीम, चिनी मातीची भांडी व इतर मोलाचा माल होता. ॲमस्टरडॅम येथे त्या मालाच्या विक्रीतून तीस लाख गिल्डरहून अधिक रक्कम उभी राहिली. नुकत्याच, १६०२ मध्ये, स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीच्या मूळ भांडवलाच्या जवळजवळ निम्मी अशी ती रक्कम होती.

परंतु माल हाती आला म्हणजे मालकी आली असे होत नाही. ॲमस्टरडॅमच्या नाविक न्यायालयापुढे हे प्रकरण गेले. ह्या जहाजावर व मालावर कोणाचा हक्क असल्यास त्याने हजर व्हावे, असे जाहीर पुकारण्यात आले. प्रतिपक्षातर्फे कोणीच उभे राहिले नाही आणि ९ सप्टेंबर १६०४ रोजी न्यायालयाने ती लूट कायदेशीर ठरविली. निकाल मिळाला तरी लोकांच्या मनाचे समाधान झाले नव्हते. कंपनीच्या भागीदारांपैकी काही पापभीरू मंडळींना असा पैसा घेणे अधर्म्य वाटले व त्यांनी आपला वाटा नाकारला. तेव्हा कंपनीने आपली बाजू शास्त्राधारे मांडण्याचे काम एकवीस वर्षांच्या ग्रोशियस ह्यांच्याकडे सोपविले.

त्यांनी त्यावर लूट व तिचा कायदा ह्या विषयावरील एक मोठा लॅटिन ग्रंथ सिद्ध केला. वास्तविक कंपनीला एक छोटेसे समर्थनपत्र पुरले असते. परंतु ग्रोशियस ह्यांनी प्रश्नाच्या मुळाशी हात घातला. मनुष्याला मालकी कशी प्राप्त होते, युद्ध न्याय्य केव्हा ठरते, खाजगी माणसाला शस्त्र केव्हा उचलता येते, ह्या पायापासून त्यांनी मांडणी केली. जोहोरचा राजा ख्रिस्ती नसला तरी तो स्वतंत्र सार्वभौम राजा आहे, त्याला न्याय्य युद्ध करण्याचा अधिकार आहे आणि त्याच्या साहाय्यास जाणाराही न्यायाच्याच बाजूस आहे, असेही त्यांनी प्रतिपादिले. हा संपूर्ण ग्रंथ त्यांच्या हयातीत छापला गेला नाही. हस्तलिखित वंशजांच्या दप्तरात अडीचशेहून अधिक वर्षे पडून राहिले, १८६४ मध्ये हेग येथील एका लिलावात ते उजेडात आले व १८६८ मध्ये छापले गेले. जुने कागद निरुपयोगी म्हणून टाकून देणाऱ्यांनी ही गोष्ट अवश्य ध्यानी धरावी.

मुक्त समुद्राचा सिद्धांत

त्या हस्तलिखिताचे बारावे प्रकरण मात्र सुधारून १६०९ मध्ये स्वतंत्र पुस्तिका म्हणून लायडन येथे छापण्यात आले. तिचे नाव ‘मारे लिबेरुम’, म्हणजे मुक्त समुद्र. लेखकाचे नाव तीवर नव्हते. स्पेन व डच ह्यांच्यात तहाची बोलणी चालू होती आणि पूर्वेकडील व्यापाराचा हक्क सोडू नये ह्यासाठी कंपनीला ती हवी होती.

लहानलहान तेरा प्रकरणांच्या ह्या पुस्तिकेत ग्रोशियस पोर्तुगीजांचा एकेक दावा घेऊन त्याची छाननी करतात. ज्या देशांचा शोध लागला असे म्हणतात, ते देश आधीपासूनच वसलेले होते. जावा, सिंहलद्वीप व मोलुक्का येथे त्यांचे स्वतःचे राजे व कायदे होते. ज्याला धनी आहे ती वस्तू शोधल्याने मिळत नाही. पोपने दिलेले दानही टिकत नाही, कारण जे स्वतःचे नाही ते दान करता येत नाही. त्यांचा धर्म निराळा म्हणून त्यांची मालमत्ता घेता येते म्हणावे, तर मालकी ही मनुष्यत्वाने येते, श्रद्धेने नव्हे. समुद्राविषयी त्यांचे म्हणणे असे की, तो हवेसारखा आहे. त्याला कोणी व्यापू शकत नाही, कुंपण घालू शकत नाही, आणि एकाने जहाज हाकारल्याने दुसऱ्यासाठी तो कमी होत नाही. म्हणून प्रवास व व्यापार ह्यांसाठी तो सर्वांचा आहे, आणि दीर्घ वहिवाटीनेही तो एकाचा होऊ शकत नाही.

ह्या पुस्तिकेची एक खुबी वाखाणण्यासारखी आहे. प्रतिपक्षाला निरुत्तर करण्यासाठी ग्रोशियस ह्यांनी व्हितोरिया व फर्नांदो व्हास्केस ह्या स्पेनमधीलच पंडितांचा आधार घेतला. ज्यांच्या राजाविरुद्ध वाद, त्यांच्याच न्यायपंडितांची साक्ष! पोर्तुगीजांकडून ह्याचे विस्तृत खंडन सेराफीं द फ्रैताश ह्या पोर्तुगीज धर्मगुरू व कायदेपंडितांनी १६२५ मध्ये व्हाल्यादोलिद येथे प्रसिद्ध केले. इंग्लंडमध्ये जॉन सेल्डन ह्यांनी १६३५ मध्ये बंदिस्त समुद्राचा पक्ष मांडला. त्या वादातूनच पुढे समुद्राचा कायदा घडत गेला.

लंडनचा पेच

चरित्रलेखन म्हणजे केवळ स्तुतिपाठ नव्हे. म्हणून एक प्रसंग सांगणे प्राप्त आहे. १६१३ मध्ये ग्रोशियस रॉटरडॅम नगराचे कायदेविषयक अधिकारी झाले. त्याच वर्षी मसाल्याच्या बेटांतील व्यापाराविषयी इंग्रजांशी वाटाघाटी करण्यासाठी ते लंडनला गेले. आता पोर्तुगीजांच्या जागी डच होते, आणि इतरांना तेथे व्यापार करू न देण्याचा आग्रह डचांचाच होता. इंग्रजांनी त्यांच्यासमोर कोणता आधार ठेवावा? ‘मारे लिबेरुम’! स्वतःच्याच युक्तिवादाला उत्तर देण्याची पाळी ग्रोशियस ह्यांच्यावर आली. स्थानिक राजांनी आपला माल डचांनाच विकण्याचे करार केले आहेत, आणि स्वातंत्र्य असले तरी केलेला करार पाळलाच पाहिजे, असे उत्तर त्यांनी दिले.

कायद्याच्या दृष्टीने ते उत्तर अगदीच पोकळ नव्हते. परंतु त्याचे परिणाम भयंकर झाले. असे करार धाकदपटशाने करून घेतले जात आणि ते मोडल्याच्या सबबीवर १६२१ मध्ये यान पीटरझून कून ह्या डच गव्हर्नराने बांदा बेटांवर स्वारी केली. जायफळ पिकविणाऱ्या त्या बेटांतील बहुसंख्य रहिवासी मारले गेले, उपाशी मेले, गुलाम झाले किंवा परागंदा झाले. स्थानिक राजांना सार्वभौम म्हणणाऱ्या युक्तिवादाचा असा उपयोग व्हावा, ही मोठी शोकांतिका होय. ग्रोशियस ह्यांनी तो संहार घडविला नाही. तथापि ज्या कंपनीची वकिली त्यांनी केली, तिच्या हाती त्यांच्या विद्येने शस्त्र दिले, हे नाकारता येणार नाही.

खटला, बंदिवास व सुटका

दैवगती अशी की, ह्याच सुमारास स्वतः ग्रोशियस न्यायाला पारखे झाले. हॉलंडमध्ये धर्ममतांवरून कडवे व सौम्य असे दोन तट पडले होते. ओल्डनबार्नेव्हेल्ट व ग्रोशियस सौम्य पक्षाचे असून त्यांना परमतसहिष्णुता हवी होती. सेनापती राजपुत्र मॉरिस ह्यांनी कडव्या पक्षाची बाजू घेतली व २९ ऑगस्ट १६१८ रोजी दोघांनाही अटक केली.

त्यांच्यासाठी चोवीस न्यायाधीशांचे एक खास न्यायालय उभारण्यात आले. हॉलंड प्रांताच्या नागरिकाचा निवाडा करण्याचा अधिकार हॉलंडच्याच न्यायालयांना आहे, अशी हरकत ग्रोशियस ह्यांनी घेतली, पण ती ऐकली गेली नाही. बचावासाठी वकील मिळाला नाही. लिहिण्याचे साहित्यही नाकारण्यात आले. १३ मे १६१९ रोजी एकाहत्तर वर्षांच्या ओल्डनबार्नेव्हेल्ट ह्यांचा शिरच्छेद झाला, आणि पाच दिवसांनी ग्रोशियस ह्यांना आजन्म कारावास व मालमत्तेची जप्ती अशी शिक्षा झाली. आयुष्यभर कचेरीतील कागद हाताळलेल्या प्रस्तुत लेखकास ह्या प्रकरणातील एक गोष्ट विशेष जाणवते. ‘सांता कातारीना’ जहाजाला निदान जाहीर पुकारा मिळाला होता, ह्या थोर न्यायपंडिताला तेवढीही रीतसर कार्यपद्धती लाभली नाही. कार्यपद्धती म्हणजे नुसती कागदांची कटकट नव्हे. दुर्बलाचे ते शेवटचे संरक्षण असते.

मास व वाल ह्या नद्यांच्या संगमावरील लूव्हेस्टाइन किल्ल्यात त्यांना ठेवण्यात आले. पत्नी मारिया स्वेच्छेने त्यांच्याबरोबर बंदिवासात राहिली. तेथेही त्यांनी वेळ वाया दवडला नाही. हॉलंडच्या दिवाणी कायद्याची ओळख करून देणारा डच भाषेतील ग्रंथ त्यांनी तेथेच रचला. १६३१ मध्ये तो छापला गेला. त्या ग्रंथाने मांडलेला रोमन-डच कायदा श्रीलंका व दक्षिण आफ्रिका येथील न्यायव्यवस्थांत आजही जिवंत आहे. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतील कुटुंबविषयक तरतुदी गोव्यात टिकून राहिल्या, तशीच ही गोष्ट.

वाचनासाठी त्यांच्याकडे पुस्तकांनी भरलेली पेटी येत असे व वाचलेली पुस्तके तिच्यातूनच परत जात. पहारेकरी प्रथम पेटी उघडून पाहत, पुढे कंटाळून पाहीनासे झाले. मारियाने हे अचूक हेरले. २२ मार्च १६२१ रोजी तिने पतीला त्या पेटीत निजविले व झाकण लावले. दासी एल्स्ये व्हान हाउवेनिंग ही पेटीबरोबर नावेतून निघाली. पेटी जड का लागते, आत एखादा पाखंडी तर नाही ना, असे शिपायांनी थट्टेने विचारले, आणि पाखंडी नव्हे, पाखंडी पुस्तके आहेत असे चतुर उत्तर त्यांना मिळाले, अशी कथा सांगतात. नदीपलीकडील खोर्कुम गावात पोहोचल्यावर ग्रोशियस ह्यांनी गवंड्याचा वेष घेतला व अँटवर्पमार्गे पॅरिस गाठले. मारिया मागे किल्ल्यातच राहिली होती. तिलाही लवकरच मुक्त करण्यात आले व ती पतीस जाऊन मिळाली. पतीचा धर्म तो आपला धर्म मानून यमाशी वाद घालणाऱ्या सावित्रीची आठवण आपल्या भगिनींना येथे झाल्यावाचून राहणार नाही.

युद्ध व शांतता ह्यांचा कायदा

फ्रान्सचा राजा तेरावा लुई ह्याने त्यांना वर्षासन बांधून दिले, परंतु ते वेळेवर मिळत नसे. परदेश, ओढग्रस्त संसार आणि भोवती तीस वर्षांच्या युद्धाचा वणवा, अशा स्थितीत त्यांनी आपला सर्वश्रेष्ठ ग्रंथ लिहिला. ‘दे युरे बेल्ली आक पाकिस’, म्हणजे युद्ध व शांतता ह्यांचा कायदा, हा तीन भागांचा ग्रंथ १६२५ मध्ये पॅरिस येथे प्रसिद्ध झाला. आंतरराष्ट्रीय कायद्याचे जनक ही पदवी त्यांना मिळाली ती ह्याच ग्रंथामुळे.

शस्त्रे उचलली की कायदा संपतो हे मत त्यांना मान्य नव्हते. राज्याराज्यांमध्येही न्याय असतो, दिलेले वचन पाळावे लागते, आणि हा न्याय मानवी स्वभाव व विवेक ह्यांतून उगवतो, असे त्यांनी मांडले. ईश्वर नाही असे क्षणभर गृहीत धरले तरीही हा न्याय टिकेल, असे ते म्हणाले. ते स्वतः मोठे श्रद्धावान होते व तसे गृहीत धरणे हेच पाप होय असेही त्यांनी लगेच नमूद केले. परंतु त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ स्पष्ट होता. न्याय हा कोणा एका पंथाच्या मालकीचा नाही.

ह्या ग्रंथातील दोन-तीन स्थळे आपण मुद्दाम पाहावीत अशी आहेत. दुसऱ्या भागात ते सांगतात की, जी वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात आहे ती शोधली म्हणून घेणे अन्यायाचे होय, मग तो मालक दुर्वर्तनी असो वा ईश्वराविषयी त्याची कल्पना निराळी असो. ख्रिस्ती धर्म स्वीकारत नाहीत म्हणून कोणावर युद्ध करता येत नाही, असेही ते म्हणतात. तिसऱ्या भागात ते कबूल करतात की, जित शत्रूच्या देवालयांचा विध्वंस करण्यास त्या काळच्या रूढ युद्धनीतीची आडकाठी नव्हती. परंतु नंतरच्या प्रकरणात ते संयमाचा उपदेश करतात आणि देवकार्यास वाहिलेल्या वास्तू व वस्तू राखाव्यात असे आग्रहाने प्रतिपादितात. आपल्या देवांच्या स्थलांतराला तेव्हा साठ-सत्तर वर्षे होऊन गेली होती. तो उपदेश आपल्यासाठी उशिरा आला. तरी तो लिहिला गेला, हे थोडे नव्हे.

उणीवही सांगितली पाहिजे. निसर्गनियमाविरुद्ध घोर अपराध करणाऱ्या जमातींना शिक्षा म्हणून युद्ध करता येते, अशी वाट त्यांनी त्याच ग्रंथात मोकळी ठेवली. पुढील वसाहतवाल्यांनी ती वाट हवी तशी रुंद केली.

अखेरचे दिवस

१६३१ मध्ये ते मोठ्या आशेने स्वदेशी परतले, परंतु सत्ताधाऱ्यांनी पुढच्याच वर्षी त्यांना पुन्हा देशत्याग करावयास लावला. १६३४ मध्ये स्वीडनने त्यांना आपल्या सेवेत घेतले व फ्रान्समध्ये राजदूत नेमले. सुमारे दहा वर्षे ते काम त्यांनी केले. १६४५ मध्ये ते स्टॉकहोमला राणी क्रिस्तीनाची भेट घेऊन परत निघाले असता बाल्टिक समुद्रात त्यांचे जहाज वादळात सापडून पोमेरेनियाच्या किनाऱ्यावर फुटले. कसेबसे किनाऱ्याला लागून, पाऊसवाऱ्यात उघड्या गाडीतून प्रवास करीत ते रोस्टॉक नगरीस पोहोचले, आणि २८ ऑगस्ट १६४५ रोजी तेथेच त्यांनी देह ठेवला. वय बासष्ट वर्षांचे होते. ज्या समुद्राच्या मुक्ततेसाठी त्यांनी लेखणी झिजविली, त्यानेच त्यांना अखेरचा निरोप दिला. हयातीत ज्या मातृभूमीने त्यांना थारा दिला नाही, तिने त्यांच्या पार्थिवाला मात्र डेल्फ्टच्या चर्चमध्ये मानाने विसावा दिला.

पुढे त्यांच्या विचारांचा मोठा वृक्ष झाला. १८९९ मध्ये हेग येथे पहिली शांतता परिषद भरली तेव्हा अमेरिकन प्रतिनिधींनी त्यांच्या समाधीवर रौप्यमाला अर्पण केली. १९८२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा समुद्रविषयक करार झाला. त्यात किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत किनाऱ्यावरील राष्ट्राची सत्ता व २०० मैलांपर्यंत त्याचे आर्थिक हक्क मान्य झाले, आणि त्यापलीकडील समुद्र सर्वांसाठी मुक्त राहिला. मद्रास विद्यापीठात अध्यापन केलेले प्राध्यापक अलेक्झांड्रोविच ह्यांनी १९६७ मध्ये आणि आपले न्यायपंडित राम प्रकाश आनंद ह्यांनी १९८३ मध्ये हेही दाखवून दिले की, मुक्त समुद्राची वहिवाट पोर्तुगीज येण्यापूर्वी हिंदी महासागरात कित्येक शतके चालत आलेली होती. ग्रोशियस ह्यांनी तिला युरोपच्या शास्त्रात स्थान दिले.

हेगच्या शांतिप्रासादात आपल्या प्रदेशाशी निगडित असा एक खटलाही चालला. दादरा व नगर हवेलीकडे जाण्याच्या मार्गाच्या हक्काबद्दल पोर्तुगालने १९५५ मध्ये भारताविरुद्ध तेथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला. १२ एप्रिल १९६० च्या निकालात खाजगी व्यक्ती, मुलकी अधिकारी व माल ह्यांच्यापुरता मार्गहक्क मान्य झाला, परंतु सैन्य, सशस्त्र पोलीस व शस्त्रे नेण्याचा हक्क नाकारण्यात आला, आणि भारताने आपल्या कर्तव्याचा भंग केलेला नाही असे ठरले. ज्या पोर्तुगालविरुद्ध ग्रोशियस ह्यांनी आपले पहिले प्रकरण लढविले, तोच पोर्तुगाल साडेतीनशे वर्षांनी त्यांनी पाया घातलेल्या शास्त्राच्या दारी उभा होता, आणि ह्या खेपेस प्रतिपक्षी आपला देश होता.

समारोप

ग्रोशियस हे संत नव्हते. एका धनाढ्य कंपनीच्या लुटीचे समर्थन करण्यासाठी त्यांनी आरंभ केला. परंतु समर्थन करताना त्यांनी जी तत्त्वे मांडली, ती त्यांच्या अशिलाच्या मुठीत राहिली नाहीत. प्रथम इंग्रजांनी ती त्यांच्याविरुद्ध वापरली, आणि कालांतराने पूर्वेकडील पारतंत्र्यात पिचलेल्या राष्ट्रांनाही तीच तत्त्वे उच्चारता आली. सत्य एकदा नीट शब्दांत बांधले म्हणजे ते लिहिणाऱ्याच्या हेतूपेक्षा मोठे होते, हा ह्या चरित्राचा मुख्य बोध होय.

डेल्फ्टच्या बाजारचौकात ग्रोशियस ह्यांचा पुतळा १८८६ मध्ये उभा राहिला. योगायोग असा की, त्याच वर्षी गोव्यात पोर्तुगीज सरकारने देवस्थानांच्या महाजनकीचे पहिले नियमपत्र मंजूर केले, ज्याला १९३३ मध्ये आजच्या देवस्थान नियमावलीचे रूप आले. ज्या सत्तेने एके काळी आपली देवळे पाडली, तिलाच आपल्या महाजनांचे हक्क लिहून मान्य करावे लागले. ते नियम परक्यांनी आपल्या सोयीसाठी केले असतील. तथापि आपले कातालोग, सभांची इतिवृत्ते व जमाखर्चाच्या वह्या ज्या पिढ्यांनी जपून ठेवल्या, त्यांच्यामुळेच आज आपण आपला हक्क दाखवू शकतो. हक्काला तत्त्वाचा आधार हवा, कार्यपद्धतीचे संरक्षण हवे आणि लेखाचा पुरावा हवा. तिन्ही असली तरच तो पुढच्या पिढीस पोहोचतो.

देवळाच्या कपाटातील जुनी दप्तरे वाळवीच्या स्वाधीन होऊ न देणे, हीसुद्धा देवाची सेवाच आहे. ती सेवा आपल्या तरुण महाजनांच्या हातून घडो, अशी श्रीचरणी प्रार्थना करून हा अल्पसा परिचय येथे पुरा करतो.